सधन वर्गास खुले पत्र: मताची वाट अडवू नका

प्रति,
देशोदेशीचे सधन नागरिक, उद्योगांचे मालक आणि त्यांच्या वतीने सरकारांकडे स्थैर्याची मागणी करणाऱ्या संघटना

स.न.वि.वि.

तुमची निवेदनं मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. देश कुठलाही असो, मजकूर फारसा बदलत नाही. सरकार पडलं, मोर्चे निघाले, कुणी अनपेक्षित माणूस निवडून आला, की लगेच तुमचं पत्रक निघतं: आधी स्थैर्य येऊ द्या, गुंतवणूकदारांचा विश्वास परत येऊ द्या, वाटपाचं नंतर बघू. हे ‘नंतर’ काही येत नाही, आणि ज्यांना थांबायला सांगितलं जातं ते थांबून थांबून म्हातारे होतात.

ज्या अस्थैर्याची तुम्ही तक्रार करता, त्याचा मोठा भाग तुमच्याच वागण्यातून तयार होतो, हे सांगायला हे पत्र लिहितो आहे. नुसत्या गरिबीने सरकारं कोसळत नाहीत. गरिबी तर शतकानुशतकं मुकाट सोसली गेली. पण मत दिलं, सरकार बदललं, घोषणा झाल्या आणि तरीही पगार, दवाखाना, शाळा, म्हातारपणची सोय यातलं काहीच जागचं हललं नाही, असं वारंवार अनुभवाला आलं की मतपेटीवरचा विश्वास उडतो. आणि ते हलू नये म्हणून पैसा, ओळखी, वकील, वृत्तवाहिन्या हे सगळं कामाला लावणारे बहुतेक वेळा तुम्ही असता.

चिलीचं उदाहरण जरा सविस्तर घेतो, कारण तो देश तुमच्याच परिषदांमध्ये आदर्श म्हणून दाखवला जायचा. अर्थव्यवस्था वाढती, महागाई आटोक्यात, १९९० नंतर गरिबी खरोखरच पुष्कळ घटलेली, २०१० पासून विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेचं सदस्यत्व. ऑक्टोबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात राजधानी सांतियागोमध्ये मेट्रोचं गर्दीच्या वेळचं तिकीट ८०० पेसोंवरून ८३० झालं. त्यावर अर्थव्यवहार खात्याच्या मंत्र्यांनी सांगितलं की जो लवकर उठेल त्याला कमी भाड्याचा फायदा घेता येईल. त्याच दिवसांत राष्ट्राध्यक्ष सेबास्तियान पिन्येरा यांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं की अशांत लॅटिन अमेरिकेत आपला देश म्हणजे ओअ‍ॅसिस आहे.

मंत्र्यांचा तो सल्ला नीट ऐका. शहराच्या कडेच्या वस्तीतून दोन-तीन वाहनं बदलून कामावर पोहोचणाऱ्या माणसांना तो दिला गेला होता. ती माणसं आधीच अंधारात उठत होती. ती किती वाजता उठतात हे मंत्र्यांना माहीत नव्हतं, कारण त्या गाडीत ते कधी त्यांच्या शेजारी उभे राहिले नव्हते. मला हे भाडेवाढीपेक्षा गंभीर वाटतं. वाढ मागे घेता येते, अज्ञान तसं मागे घेता येत नाही.

शाळकरी मुलांनी तिकीट न काढता मेट्रोच्या फाटकांवरून उड्या मारायला सुरुवात केली. १८ ऑक्टोबरला स्थानकं पेटली, त्या रात्री आणीबाणी लागू झाली, सैन्य रस्त्यावर आलं. दुसऱ्याच दिवशी भाडेवाढ स्थगित झाली, पण लोक घरी गेले नाहीत. २५ ऑक्टोबरला एकट्या सांतियागोमध्ये दहा लाखांहून जास्त माणसं जमली. त्यांची घोषणा होती: प्रश्न ३० पेसोंचा नाही, ३० वर्षांचा आहे.

त्या वर्षांत साचलं काय होतं, तर पेन्शन, शिक्षणाचं कर्ज आणि दवाखान्याची रांग. १९९० पर्यंत चाललेल्या लष्करी राजवटीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कामगारांचं निवृत्तिवेतन खासगी कंपन्यांच्या हाती दिलं. कामगाराच्या पगारातून दहा टक्के कापले जात, पण मालकाने त्या खात्यात आपला वाटा घालावा अशी सक्ती नव्हती. आयुष्यभर कापून घेतल्यावर अनेकांच्या हाती किमान वेतनाइतकीही रक्कम येत नव्हती. २००६ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये विद्यार्थ्यांनी प्रचंड आंदोलनं करून शिक्षणातली विषमता वेशीवर टांगली होती. सरकारं डावीकडची आली, उजवीकडची आली. पेन्शनमध्ये मालकाचा वाटा आणणारे आराखडे मात्र संसदेत अडकत राहिले.

ते आंदोलन भरात असताना राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने खासगीत पाठवलेला एक आवाजी संदेश बाहेर आला. हे सगळं आपल्याला परग्रहवासीयांच्या आक्रमणासारखं वाटतं, असं त्यात त्या म्हणाल्या होत्या. त्यावर खूप टीका झाली. पण त्याच संदेशात त्या असंही म्हणाल्या होत्या की आपल्याला आपले विशेषाधिकार कमी करावे लागतील आणि इतरांबरोबर वाटून घ्यावं लागेल. तुम्ही हे दुसरं वाक्य लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या वर्गातल्या माणसांना काय करायला हवं हे ठाऊक होतं. ते बोलायला शहर पेटावं लागलं, एवढंच.

त्या काही महिन्यांत तीसेक माणसं मेली. पोलिसांच्या छऱ्यांनी आणि अश्रुधुराच्या नळकांड्यांनी चारशेहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. मग राज्यघटनाच बदलायची ठरली. २०२० मध्ये ७८ टक्के मतदारांनी नवी घटना हवी म्हणून कौल दिला, २०२२ मध्ये ६२ टक्क्यांनी तयार झालेला मसुदा फेटाळला, डिसेंबर २०२३ मध्ये दुसरा मसुदाही फेटाळला गेला. चार वर्षं देशाचा मूलभूत कायदा पुढे काय असेल याचाच पत्ता नव्हता, आणि तुमच्या हिशेबात याहून वाईट काही नसतं. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये पेन्शनचा कायदा मंजूर झाला आणि त्यात मालकांचा वाटा टप्प्याटप्प्याने आणायचं ठरलं. चिलीचे उद्योग त्या ओझ्याखाली चिरडून गेलेले नाहीत. हाच वाटा दहा वर्षं आधी दिला असता तर कुणाचा डोळा गेला असता का, हा प्रश्न तुमच्या चिलीतल्या सहकाऱ्यांना विचारून बघा.

आता जे दृश्य सगळ्याच विषम समाजांत दिसतं त्याकडे येतो. तुमच्या घरी काम करणारी बाई असते. तुमच्या घराची किल्ली तिच्याकडे असते. तुमच्या आईची औषधं कुठल्या खणात आहेत, सकाळची कुठली, रात्रीची कुठली, हे तिला तोंडपाठ असतं. तुमच्या मुलाला झोपताना कुठली चादर लागते तेही तिला माहीत असतं. तिचं मूल कुठल्या शाळेत जातं, तिथे शिक्षक येतात का, ती कामावर असताना त्याच्याकडे कोण बघतं, ती स्वतः आजारी पडली तर जाते कुठे, यातलं तुम्हाला काय माहीत असतं? तुम्ही दुष्ट आहात असं मी म्हणत नाही. तुमच्यापैकी पुष्कळ जण अडीअडचणीला तिला पैसेही देतात. पण तिच्या आयुष्याचा आणि तुमच्या आयुष्याचा संबंध एकाच बाजूने उरला आहे, आणि त्यामुळे तिच्या शाळेचा, तिच्या दवाखान्याचा प्रश्न तुम्हाला स्वतःचा वाटण्याचं कारणच राहिलेलं नाही.

पूर्वी फार समता होती अशातला भाग नाही. पण सरकारी शाळेचं छप्पर गळत होतं तेव्हा त्या वर्गात कधी कधी तहसीलदाराचं मूलही बसलेलं असायचं, आणि मग छप्पर दुरुस्त व्हायचं. सधन माणसं शाळेतून बाहेर पडली, मग दवाखान्यातून, मग बसमधून. पाणी विकत आलं, सुरक्षेला पहारेकरी आले. आणि बाहेर पडल्यावर ‘जे आम्ही वापरत नाही त्यासाठी कर का भरायचा?’ हा प्रश्न तुम्हाला रास्त वाटू लागला. कर आटला, सेवा आणखी ढासळल्या, त्या पाहून उरलेसुरले लोकही बाहेर पडले. हे चक्र कुणी कट करून फिरवलेलं नाही. एकेका कुटुंबाच्या समजण्यासारख्या निर्णयांमधून ते फिरतं, म्हणूनच ते थांबवणं अवघड आहे, आणि ते थांबवायचं तर सुरुवात वरून व्हावी लागते.

विषमतेचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सर्वांत श्रीमंत १० टक्के लोकांकडे जगातली ७६ टक्के संपत्ती आहे आणि खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे मिळून २ टक्के. या दोन आकड्यांच्या शेजारी तिसरा आकडा ठेवून बघा: मतदानाच्या दिवशी त्या निम्म्या लोकसंख्येकडे ५० टक्के मतं असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत नेमकं हेच बजावलं होतं. राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला समान मूल्य, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र माणसाचं मूल्य समान नाही, असं विसंगतीचं आयुष्य आपण फार काळ जगू शकणार नाही. ही विसंगती लवकर मिटवली नाही तर विषमतेने पोळलेले लोक राजकीय लोकशाहीचा सांगाडाच उडवून देतील, असं ते म्हणाले होते. ते भारताच्या संदर्भात बोलत होते, पण ते तर्कशास्त्र कुठल्याही देशाला लागू पडतं.

बाबासाहेबांनी इशारा दिला होता तो खालून होणाऱ्या स्फोटाचा. गेल्या काही दशकांत मात्र वरचा वर्गच लोकशाही मोडतो असं अनेकदा दिसलं आहे. थायलंड बघा. २००१ मध्ये निवडून आलेले थाकसिन शिनावात्रा स्वतः दूरसंचार व्यवसायातले अतिश्रीमंत गृहस्थ, भ्रष्टाचाराचे आणि दडपशाहीचे गंभीर आरोप असलेले. त्यांची तरफदारी मला करायची नाही. पण त्यांच्या सरकारने ३० बात (थाई चलन) भरून दवाखान्यात उपचार देणारी योजना आणली, आणि ईशान्येकडच्या खेड्यांमधल्या माणसाला पहिल्यांदाच आपल्या मतातून काहीतरी हाती लागल्याचं दिसलं. तो पुन्हा पुन्हा त्यांच्या बाजूने मत देत राहिला. राजधानीतल्या सुस्थित वर्गाचा निष्कर्ष असा निघाला की खेड्यातल्या लोकांना मत देण्याची अक्कल नाही. २००६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. २००८ मध्ये थाकसिनविरोधी पिवळ्या सदऱ्यांच्या आंदोलनाच्या नेत्यांनी तर उघड प्रस्ताव मांडला की संसदेत ७० टक्के सदस्य नेमलेले असावेत आणि ३० टक्के निवडलेले. २०१० मध्ये थाकसिन यांच्या बाजूचे लाल सदरेवाले राजधानीत ठाण मांडून बसले, ती कोंडी लष्कराने मोडली, नव्वदहून जास्त माणसं मेली. २०१४ मध्ये पुन्हा लष्करी उठाव. २०२३ च्या निवडणुकीत तरुणांचा एक नवाच पक्ष सर्वाधिक जागा जिंकून आला, तर नेमलेल्या सिनेटने त्याला सरकार बनवू दिलं नाही, आणि २०२४ मध्ये तो पक्षच न्यायालयाने विसर्जित केला.

मत देऊन हाती आलेलं जर दर वेळी काढून घेतलं जाणार असेल, तर त्या खेड्यातल्या माणसाने लोकशाहीवर विश्वास ठेवायचा कशाच्या आधारावर? आणि तो ठेवेनासा झाला की तुम्ही म्हणता, यांच्यात लोकशाही रुजलेलीच नाही.

पेरूमध्ये जुलै २०१६ ते डिसेंबर २०२२ या काळात सहा राष्ट्राध्यक्ष झाले. त्यातले पेद्रो कास्तियो हे डोंगराळ भागातल्या खेड्यातले शाळामास्तर, ‘श्रीमंत देशात आता गरीब नकोत’ अशी घोषणा देऊन २०२१ मध्ये निसटत्या बहुमताने निवडून आले. विरोधकांनी पुराव्याशिवाय गैरप्रकाराचे आरोप करून निकालाची अधिकृत घोषणा महिनाभराहून जास्त लांबवली. कास्तियो यांनी कारभार वाईट केला आणि शेवटी संसद बरखास्त करण्याचा बेकायदा प्रयत्न केला, त्यांना हटवणं कायद्याला धरून होतं. पण त्यानंतर दक्षिणेच्या पठारावरची माणसं रस्त्यावर आली तेव्हा त्यांच्यावर गोळ्या चालल्या, आणि पन्नासच्या आसपास जीव गेले. ती माणसं त्या एका नेत्यापायी आली नव्हती. आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारखं बोलणारा माणूस तिथे टिकूच दिला जात नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. तिच्यात तथ्य किती, यावर वाद घाला. पण ती समजूत कशाने घट्ट झाली याचाही विचार करा.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. कर वाढवले तर भांडवल पळून जाईल, आणि मग गरिबांनाच काम मिळणार नाही. या युक्तिवादात थोडं तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. एकट्या देशाने अविचाराने कर लादले तर पैसा सीमेबाहेर जातोच. पण अस्थैर्यातही तो जातोच ना, आणि तेव्हा तो कुणाचा जातो? लेबनॉनमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारने इंटरनेटवरून केलेल्या फोनवर रोज २० सेंट कर लावायचं ठरवलं. लोक त्याच रात्री रस्त्यावर उतरले, काही तासांत कर मागे घेतला गेला, बारा दिवसांत पंतप्रधान साद हरीरी यांनी राजीनामा दिला. बँका दोन आठवडे बंद राहिल्या, आणि उघडल्या तेव्हा सामान्य ठेवीदाराला स्वतःचेच पैसे काढायला मर्यादा होती. ज्यांचे हात वरपर्यंत पोहोचलेले होते त्यांच्या ठेवी मात्र परदेशात जात राहिल्याच्या तक्रारी होत राहिल्या. शिक्षिकेची, निवृत्त कारकुनाची जन्मभराची बचत चलनाबरोबर मातीमोल झाली. स्थैर्याची खरी गरज रोजंदारीवर जगणाऱ्याला आहे, कारण बाजार चार दिवस बंद राहिला की त्याची चूल बंद पडते. तुमच्याकडे दुसरा पासपोर्ट असतो. रोजंदारीवरचा माणूस स्थैर्य मोडायला निघतो तेव्हा त्याच्याकडे गमावण्यासारखं किती कमी उरलेलं असेल याचा अंदाज करा.

इतिहासात तुमच्या वर्गाने दोन्ही रस्ते धरलेले आहेत. १७८७ मध्ये फ्रान्सचा खजिना रिकामा झाला होता. राजाचे अर्थमंत्री कालोन यांनी मान्यवरांची सभा बोलावून प्रस्ताव ठेवला की जमिनीवर सर्वांना सारखा कर लावू, सरदार आणि धर्मगुरूंनाही त्यातून सूट नको. ज्यांना सूट होती त्यांचीच ती सभा. त्यांनी प्रस्ताव अडवला, कालोन यांना पदावरून जावं लागलं. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री त्याच वर्गातल्या प्रतिनिधींनी उभं राहून आपले विशेषाधिकार सोडून दिले, पण तोवर गावोगावी गढ्या जळत होत्या, आणि पुढे काय झालं ते सांगायला नको.

दुसरा रस्ता स्वीडनचा. आज शांत म्हणून ओळखला जाणारा तो देश १९२० च्या दशकात जगातल्या सर्वाधिक संप होणाऱ्या देशांपैकी एक होता. मे १९३१ मध्ये ओडालेन खोऱ्यात संपकऱ्यांच्या मोर्चावर सैनिकांनी गोळीबार केला, पाच जण ठार झाले. तिथूनही देश थायलंडच्या वाटेने जाऊ शकला असता. पण १९३८ मध्ये सॉल्टशबादन या गावी मालकांची संघटना आणि कामगारांची संघटना यांनी बसून करार केला: वाटाघाटी कशा करायच्या, संप आणि टाळेबंदी कधी करायची, कामावरून काढताना काय नियम पाळायचे. सरकारने डोक्यावर बंदूक ठेवून तो करवून घेतला नाही. कायद्याने बांधले जाण्यापेक्षा आपणच बोलून ठरवू, हा हिशेब दोन्ही बाजूंनी केला. पुढची कित्येक दशकं त्या देशात कर जास्त होते, संघटना मजबूत होत्या, आणि तिथले उद्योग जगभर पोहोचले. तुम्ही या प्रकरणाचा उल्लेख तुमच्या परिषदांमध्ये का करत नाही, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे. तिथे तुमच्याच भाऊबंदांनी शहाणपण दाखवलं होतं.

म्हणून माझी मागणी दानधर्माची नाही. तुम्ही शाळा दत्तक घेता, रुग्णालयाला यंत्र भेट देता, त्याबद्दल आभार, पण देणगी तुमच्या मर्जीवर चालते आणि मर्जी केव्हाही फिरते. हक्क म्हणून मिळणाऱ्या गोष्टींसाठी कर लागतो. वारशाने मिळणाऱ्या मोठ्या संपत्तीवर आणि मोठ्या मालमत्तांवर कर लावायचा प्रस्ताव कुठल्याही संसदेत आला की तो समितीतच जिरवण्यासाठी तुमची माणसं धावतात. ती धावपळ थांबवा. साबणावर आणि मिठावर दोघांनी सारखा कर भरायचा, आणि बापाकडून आलेल्या इमारतींवर मात्र काही नाही, या व्यवस्थेचं समर्थन तुम्ही तुमच्या घरी काम करणाऱ्या त्या बाईसमोर बसून करू शकाल का?

तुमच्या विरोधातला पक्ष निवडून आला तर त्याला राज्य करू द्या. तो चुकेल, कदाचित खूप चुकेल, त्याला पुढच्या निवडणुकीत पाडा. सेनापतींचे दरवाजे ठोठावू नका, निकाल लागायच्या आधीच गैरप्रकाराची आवई उठवू नका, त्याचे आमदार-खासदार विकत घेऊ नका. हे शेवटचं किती देशांत किती सहज चालतं हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

आणि पुढच्या वेळी स्थैर्याची मागणी करणारं निवेदन काढाल तेव्हा त्यात तुम्ही काय सोडायला तयार आहात तेही लिहा. किती टक्के कर, कामगारांच्या पेन्शनमध्ये किती वाटा, कुठल्या संघटनेशी कधी आणि कुठे बोलणी, हे आकड्यानिशी आणि तारखेनिशी. समोरच्या बाजूला बोलणी करायला माणसं आहेत. कामगार संघटना आहेत, विद्यार्थ्यांच्या संघटना आहेत, वस्त्यांमधल्या समित्या आहेत. त्यांच्या मागण्या लेखी तयार असतात, तुमच्या कार्यालयांच्या आवक विभागात त्या येऊन पडलेल्याही असतील. त्या काढून वाचा आणि त्यांना बैठकीची वेळ कळवा.

कळावे,
एक मतदार